ट्रंबोनवरचा पोचा

"ठेव ते खाली," मी म्हणालो.

सर्जेराव दचकला नाही, आणि मला आधी तेच खटकलं. बँडच्या कोठीत तो एकटा होता. तात्याचा ट्रंबोन त्याच्या मांडीवर आडवा होता आणि मागच्या वळणाच्या नळीवर तो अंगठा फिरवत होता. मला बघून त्याने अंगठा उचलला आणि बाजा माझ्यापुढे धरला.

"बघ की जालू. पोचा आलाय."

आला होता. अर्ध्या सुपारीएवढा, खोल नाही, पण बोटाला लागण्याइतका.

"काल नव्हता ह्यो," मी म्हणालो.

"मी कुटं म्हनलं व्हता म्हनून?"

"मग आला कुटनं?"

"मला काय ठावं. मी आलो तवा आसाच व्हता."

"आन तू कशाला हातात घेतलास?"

ट्रंबोन पिवळ्या फ्लॅनेलच्या फडक्यावर ठेवून त्याने आपला युफोनियम उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. माणूस खरा असता तर भांडला असता, असं मी मनाशी म्हटलं. मी तेव्हा तिशीचा होतो आणि माणसं कशी वागतात हे आपल्याला पक्कं कळतं, अशी माझी समजूत होती. त्यात मी मूळचाच संशयी. दूध पातळ लागलं तर म्हशीवरसुद्धा संशय घेईन, असं बायको म्हणायची.

ही चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बँडला रंगामास्तरांचा बँड म्हणत. लग्नाच्या वराती वाजवायचो, पण आमची खरी इज्जत यात्रेत ठरायची. आमच्या भागात यात्रेला दोन बँड बोलावतात, समोरासमोर मांडवात बसवतात आणि सामना लावतात. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मानेगावची यात्रा त्यात मोठी. तिथे दुपारी तीनच्या सुमाराला माझा चुलता, गेनूतात्या, ट्रंबोन घेऊन उभा राहायचा आणि एकटा भीमपलास वाजवायचा. बावीस वर्षं. ट्रंबोनला पडदे नाहीत, दाबायच्या कळा नाहीत, नुसती नळी पुढेमागे सरकवायची. त्यामुळे त्यातून मींड निघते ती माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखी. माणसं लांबून बैलगाड्या जुंपून यायची ती सकाळच्या गाण्यांसाठी नाही, तात्याच्या त्या अर्ध्या तासासाठी.

तात्याचा जुना ट्रंबोन आदल्या वर्षी टेंपोच्या चाकाखाली गेला. मग मास्तर आणि मी पुण्याला जाऊन जुन्या बाज्यांच्या एका व्यापाऱ्याकडून हा उचलला. कुठल्याशा पलटणीच्या बँडने काढून टाकलेला माल होता. मला नेलं कारण मी कराडच्या एका तांबटाकडे पाच वर्षं भांड्यांचे पोचे काढले होते आणि बँडच्या बाज्यांची दुरुस्ती माझ्याकडे असायची. जुना ट्रंबोन घेताना काय बघायचं ते मला ठाऊक होतं. नळी उभी धरून सोडायची. अलगद खाली आली तर सरळ, मधे थांबली तर वाकलेली. एक तोंड बोटाने बंद करून दुसऱ्यातून फुंकायचं, हवा कुठून पळते ते कानाने ऐकायचं. आणि सगळ्यांत आधी तांबडे ठिपके शोधायचे. वाजवणाऱ्याच्या थुंकीने पितळ आतून कुजतं, मग बाहेर तांबूस ठिपका येतो. तो दिसला की वळून बघायचं नाही. अशा पितळाला नुसता धक्का लागला तरी पोचा पडतो आणि डाग लावायला, म्हणजे कथलाने सांधायला, गेलं तर भोक पडतं.

या ट्रंबोनवर एकही ठिपका नव्हता. मी तो तीन तास बघितला. व्यापारी कंटाळला, त्याने आम्हांला दुसऱ्यांदा चहा पाजला. परतताना एसटीत मास्तर म्हणाले, "जालूची नजर हाय. आता इचार करायचा न्हाई."

आणि त्याच ट्रंबोनला माघ महिन्यापासून एकेक काही होऊ लागलं होतं.

पहिल्यांदा बूच गेलं. ट्रंबोनच्या खालच्या टोकाला साचलेलं पाणी काढायची एक चिमुकली झडप असते, तिच्याखालचं बूच. ते नसलं की हवा पळते आणि सूर फाटतो. मी औषधाच्या बाटलीचं बूच कापून बसवलं. पंधरा दिवसांनी दोन नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी सुटली. मी डाग लावला. आता हा पोचा. आणि दर वेळी भीमपलासच्या तालमीच्या दिवशीच.

"जालू," मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोटा बाजा तर उचलला न्हाईस न्हवं?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, पण मला मुस्काटात बसल्यासारखं झालं. बाजा खोटा ठरला तर माझी नजर खोटी ठरत होती, आणि बँडात माझ्याजवळ त्या नजरेशिवाय दुसरं होतं काय? माझ्यासारख्या झांजा तर कोणीही वाजवतो.

"बाजा खरा हाय मास्तर," मी म्हणालो. "मानूस खोटा हाय."

"कोन?"

"धरून देतो."

मला कोणाचा वास येत होता ते उघड होतं. सर्जेराव आमच्यात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी तो ज्या बँडात होता, तोच बँड यंदा मानेगावला आमच्यासमोर बसणार होता. शिवाय त्याचा युफोनियम तात्याच्या उजव्या हाताला. हा पोटाशी धरून वाजवायचा जाडजूड बाजा, त्याचा सूर ट्रंबोनच्या जवळचा. तालमीत तात्याचा भीमपलास चालू असताना एरवी सगळ्यांनी गप्प बसायचं, नुसता षड्ज धरायचा. पण हल्ली तात्याचा सूर जरा बारीक झाला की सर्जेराव हळूच खालून घुसायचा. दोन स्वर, तीन स्वर, कधी अख्खी तान. नीट कान देऊन ऐकलं तरच कळेल इतकं हळू. मी कान देऊन ऐकत होतो. तात्याची जागा बळकावायची ही तयारी, असं मी समजलो.

तात्याला मी पोचा काढून ट्रंबोन परत दिला तेव्हा तो कोठीच्या दाराशी जेवत बसला होता. भाकरी अगदी बारीक कुसकरून कालवणात भिजत घातलेली, काला करून तो बोटांनी तोंडात सोडत होता.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला. नव्यासारका."

तात्याने ट्रंबोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला आणि पुन्हा खाली मान घालून जेवू लागला.

काळजीने बिचाऱ्याचा घास उतरत नाही, असं मला वाटलं. त्याच्यासाठी माझा जीव तुटला. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, झांज हातात त्यानेच दिली. त्याला मानेगावच्या मांडवातून कोणी उठवणार असेल तर मी त्याचे हात मोडीन, असंच मी मनाशी म्हणत होतो.

मी पाळत ठेवली. कोठीच्या मागे शेवग्याचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी बसलं की खिडकीतून आतलं दिसायचं. यात्रेच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, सर्जेराव कोठीत शिरला. त्याने फ्लॅनेलचं फडकं सोडलं, ट्रंबोन बाहेर काढला, नळी दोनतीनदा सरकवली, खिशातून एक बाटली काढून काहीतरी लावलं. पुन्हा सरकवली. मग फडकं गुंडाळून, जसं होतं तसं ठेवून निघून गेला. मी आत जाऊन बघितलं. नळीला खोबरेल लावलं होतं. पोचा नव्हता, काही नव्हतं. चोर आधी घर बघून जातो, मग चोरी करतो, असं म्हणून मी गप्प राहिलो.

यात्रेच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम होती. सगळे बसले होते. तात्या उभा राहिला, ट्रंबोन ओठांना लावला, नळी पुढे सरकवली आणि ती मधेच अडकली. त्याने ओढली. खर्र असा आवाज झाला.

"अडाकतीया," तात्या म्हणाला.

मी पुढे होऊन बघितलं. आतल्या नळीवरून सरकते त्या बाहेरच्या नळीवर नवा पोचा होता.

माझं डोकं फिरलं. मी वळून सर्जेरावासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत बोलायचं ते बोललो. कोठीत कोण येतं ते मी पाहिलंय. बाटलीतून कोण काय लावतं ते पाहिलंय. तात्याच्या सुराखाली कोण घुसतं ते ऐकलंय. जुन्या बँडचं मीठ अजून कोणाच्या अंगात आहे तेही मला ठाऊक आहे. एवढं सगळं बोलून मी शेवटी म्हणालो, "म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काडतूस, तुला लाज वाटत न्हाई?"

सर्जेरावाने माझ्याकडे बघितलंच नाही. तो तात्याकडे बघत होता. तात्याने मान खाली घातली होती.

"आरं, तू न्हाईस म्हन की," मास्तर त्याला म्हणाले. "येवडं तरी म्हन."

"जालूची नजर हाय," सर्जेराव म्हणाला. "म्या काय बोलायचं?"

त्याने युफोनियम बाकावर ठेवला, डोक्यावरची बँडची टोपी काढून त्याच्यावर ठेवली आणि तो चालता झाला. कोणी अडवलं नाही. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे आता सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेगावात आमचा मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात होता. बाकीचे न्याहारीला बसले आणि मी ट्रंबोनची नळी उतरवून माझ्या लोखंडी सळईवर चढवली. तीनच्या आत पोचा काढायचा होता. उन्हात धरून पोचा नीट बघितला, आणि हातातली हातोडी तशीच राहिली.

पोच्यावर ओरखडा नव्हता.

हातोडीने, दगडाने, खिळ्याने मारलं की पितळावर चरा उठतो. आधी चरा दिसतो, मग पोचा. इथे पोचा होता आणि वरचं पितळ आरशासारखं होतं. म्हणजे मारणाऱ्याने आधी वर फडकं घातलं होतं. मी खूप पोचे काढलेत, पण आधी फडकं घालणारा वैरी मी पाहिला नव्हता.

मग मला मागचं एकेक आठवू लागलं. बूच गेलं तेव्हा झडपेची स्प्रिंग शाबूत होती. ती मोडली असती तर मला पुण्याला जावं लागलं असतं. पट्टी सुटली ती तुटून नाही, डाग तापवून अलगद उकलला होता. पहिला पोचा मागच्या वळणावर, जिथे सुराला काडीचा धक्का लागत नाही. आणि हा बाहेरच्या नळीवर. ट्रंबोनचा जीव असतो आतल्या नळीत. ती कागदासारखी पातळ, तिला असा पोचा पडला असता तर मीच काय, मला शिकवणारा तांबटही तो काढू शकला नसता. सर्जेराव जन्मभर बँडात राहिलेला माणूस. त्याला हे ठाऊक नसेल? ज्याने कोणी हे केलं त्याला बाजा मारायचा नव्हता, नुसता थोडा आजारी ठेवायचा होता.

मी पिवळं फडकं उलगडलं. कापडावर एका जागी दाब पडून चंद्रकोरीसारखी खूण उमटली होती.

तात्या शाळेच्या मागे हौदाच्या कडेला एकटा बसला होता. पुढ्यात दूध होतं आणि त्यात कुसकरलेली भाकरी. मी समोर जाऊन उकिडवा बसलो.

"तात्या, अडकित्ता दावा जरा."

कशाला, असं त्याने विचारलं नाही. त्याने कमरेची चंची सोडली आणि अडकित्ता माझ्या हातात दिला. मी तो मिटला. त्याची गोल पाठ पोच्यात टेकवली. बसली, बरोबर बसली.

हौदावर चिमण्या पाणी पीत होत्या.

"सुपारी कवा सोडली तुमी?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं."

त्याने बोटाने वरचा ओठ उचलला आणि जिभेने पुढचे दोन दात हलवून दाखवले. दाराच्या सैल कडीसारखे ते मागेपुढे झाले.

"ट्रंबोन लावला की ह्यास्नीच टेकतोय," तो म्हणाला. "कळ पार डोसक्यात जाती. सूर धरवत न्हाई. खालचं निगतंय कसंतरी. वरचा सा न्हाई निगत."

"मग सांगायचं व्हतं."

"कुनाला सांगू? बावीस वरसं झाली. दात गेलं म्हनलं की तात्या संपला. बाजा बिगाडला म्हनलं तर म्हनत्याल, आसू दे, पुडल्या साली."

"आन पुडल्या साली?"

"पुडल्या सालचं कुनी बगितलंय." तो जरा थांबला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पर तू कुटं बिगडू देतूस? मी मोडतूया आन तू दर बारीला नव्यासारका करून माज्या हातात देतूस. मग मला हुबं ऱ्हावं लागतंय."

दर वेळी केवढ्या हौसेने मी तो बाजा त्याच्या हातात ठेवला होता, आणि त्याने दर वेळी 'बरं' म्हटलं होतं.

"सर्जेरावाला ठाऊक व्हतं?"

"त्येला पयल्या दिसापासनं. माजा सूर पडला की त्यो खालनं उचलायचा. नळी जड जाती म्हनून तेल बी लावून ठेवायचा."

"आन काल तुमी गप ऱ्हायला."

"व्हय. त्येनं माज्याकडं बगितलं. मी मान खाली घातली. रातभर डोळा लागला न्हाई, जालू." त्याने दुधाची वाटी बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात देऊन तो उठू लागला. "चल, मास्तरला सांगतो. माज्या तोंडानंच सांगतो."

तो जाणार होता. सगळ्यांसमोर ओठ उचलून ते दोन दात दाखवणार होता. मानेगावात, भर यात्रेत, समोरच्या मांडवातले लोक बघत असताना.

"बसा तुमी," मी म्हणालो. "भाकरी संपवा."

मास्तर मांडवात खुर्च्या लावून घेत होते. बँडची सगळी माणसं तिथेच होती. मी ट्रंबोन त्यांच्यासमोर बाकावर ठेवला.

"मास्तर, बाजा खोटा हाय."

"म्हंजी?"

"आतनं कुजलाय. म्हनून बूच टिकंना, डाग टिकंना. नुसतं ठेवलं तरी पोचा पडतोय. कुनी मारल्यालं न्हाई. सर्जेरावावर मी नाहक आळ घेतला."

मास्तरांनी ट्रंबोन उचलून उलटासुलटा केला. "तूच म्हनला व्हतास, येक बी तांबडा ठिपका न्हाई."

"भाईरनं न्हाई. आतनं हाय."

"तवा तीन तास काय बगितलंस मग?"

"चुकलो."

हा एक शब्द बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. कोणीतरी मागे हसलं. मास्तर मात्र हसले नाहीत.

"तात्यानं काय वाजवायचं आता?"

"ह्याच्यावर वाजवलं तर तात्याचं नाव जाईल. सर्जेरावाला ऐकून ऐकून सगळा भीमपलास पाठ हाय. यंदा त्यो वाजवंल."

"त्यो येतोय का?"

"मी आनतो."

"आन," मास्तर म्हणाले. "आन ह्यो कुजका तुज्या घरी ने. माज्या कोठीत नको."

सायकलवरून सर्जेरावाचं घर सात किलोमीटर. मी पोचलो तेव्हा तो अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण होता.

"चल," मी म्हणालो. "तीनला भीमपलास हाय."

"जालूची नजर काय म्हनती?" आरशातच बघत त्याने विचारलं.

"गेली ती."

त्याने वस्तरा थांबवला. "तात्या बोलला?"

"मी वळखलं. मग बोलला."

"मास्तरास्नी काय सांगितलंस?"

मी सांगितलं. तो ऐकत उभा राहिला. साबण गालावर वाळत चालला होता.

"म्हंजी आता तुला कोन बाजा पारखायला न्हेनार न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई न्हेनार."

"सर्जेराव, माजं चुकलं," एवढं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याने हाताने थांबवलं आणि वस्तरा पाण्यात बुडवला. "सायकलला हवा हाय का बग," म्हणाला. "मी जड हाय."

तीन वाजता त्याने भीमपलास वाजवला. चांगला वाजवला. तात्यासारखा नाही, आणि तात्यासारखा वाजवायचा प्रयत्नही त्याने केला नाही. तात्या आपल्या खुर्चीवर रिकाम्या हाताने बसला होता. वाजवायला उठण्याआधी सर्जेरावाने वाकून त्याच्या पायाला हात लावला. लोकांना वाटलं, बाजा फुटला म्हणून बिचाऱ्याची संधी हुकली. दोघातिघांनी येऊन तात्याला सांगितलंसुद्धा, पुढच्या वर्षी नवा बाजा घ्या तात्या, तुमच्याशिवाय मजा नाही. तात्या मान हलवत होता. त्याचा उजवा हात मांडीवर पुढेमागे सरकत होता, प्रत्येक स्वराच्या बरोबर जागी.

पुढच्या वर्षापर्यंत तात्याचे वरचे सगळे दात गेले. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही; म्हाताऱ्याचे दात जातातच. मला मात्र पुन्हा कोणी बाजा घ्यायला बरोबर नेलं नाही. मास्तर नव्या पोरांना सांगायचे, जुना बाजा घ्यायचा तर जालूला दाखवा आणि तो नको म्हणेल तो उचला. मीही हसायचो.

ट्रंबोन माझ्याच घरी राहिला. अजूनही आहे, भिंतीवर, पिवळ्या फडक्यात. तात्या जिवंत होता तोवर दर सोमवारी बाजार करून माझ्याकडे यायचा. ट्रंबोन उतरवून मांडीवर घ्यायचा, नळीला खोबरेलाचं बोट लावायचा, हळूच सरकवून बघायचा. ती त्या पोच्यापाशी यायची आणि अडायची.

"काडला न्हाईस आजून?" तो विचारायचा.

पाच मिनिटांचं काम होतं ते. सळई घालायची आणि वरून हलक्या हाताने फिरवायचं.

"निगत न्हाई तात्या," मी सांगायचो. "पितळ कुजलंय."

तात्या बोळक्या तोंडाने हसायचा. मग तो फडकं घेऊन त्या लखलखीत पितळाचा कानाकोपरा पुसायचा, आणि मी आत जाऊन चहा टाकायला सांगायचो.